वाकड्या टाक्यांच्या बारा पिशव्या

आधीच सांगून ठेवतो, त्या शिपायाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो बिचारा शंभर वर्षांपूर्वी खांद्याला पिशवी अडकवून लढायला गेला आणि त्याचं पुढं काय झालं, हे कुणालाच माहीत नाही. माझी तक्रार आहे ती त्याची पिशवी शिवणाऱ्याबद्दल. त्या व्यक्तीला टाका घालता येत नव्हता. एवढी साधी गोष्ट नीट समजायला मला चार महिने लागले, आणि त्यात माझी सहा बोटं आणि शेजाऱ्यांचे अकरा पांढरे कपडे कामी आले.

आमच्या गावात इतिहासप्रेमींचं एक मंडळ आहे. मी त्याचा सभासद आहे. नोकरी नगरपालिकेत, जन्म-मृत्यू नोंदणी विभागात. अचूकपणा हा माझा पेशाच म्हणा ना. माझ्या हातून एक आकडा चुकला तर माणूस जन्माआधी मरतो. (असं एकदाच झालं होतं, आणि त्या गृहस्थांनी स्वतः येऊन दुरुस्त करून घेतलं.)

तर मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी जाहीर केलं की चार महिन्यांनी संग्रहालयाचं नवं दालन उघडणार आहे. त्या दिवशी मंडळाच्या बारा सभासदांनी जुन्या पलटणीच्या वेशात फाटकापासून दालनापर्यंत चालत जायचं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते जाहीर करतात आणि आपण मान डोलावतो. सदरे, विजारी, टोप्या नाटक कंपनीकडून मिळणार होत्या. राहता राहिली ती खांद्यावरची पिशवी, म्हणजे हॅवरसॅक. आमच्या चिटणीसांनी बाजारातून एक नमुना आणला होता. त्याला चेन होती.

मी हसलो. हसणं हा माझ्यातला मूळ दोष आहे.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाला चेन?" मी म्हणालो. "संग्रहालयात अस्सल पिशव्या पडल्यात. त्या बघून हुबेहूब करायला हव्यात. त्यात काय एवढं?"

"छान," अध्यक्ष म्हणाले, "मग तुम्हीच करा. बारा." आणि त्यांनी वहीत लिहूनही टाकलं. शाळेत ते असंच करत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो. तिथल्या सगळ्या जुन्या वस्तू एका बाईंच्या ताब्यात असतात. पांढरे हातमोजे, गळ्यात भिंग आणि चेहऱ्यावर कायम 'हात लावू नका' असा भाव. त्यांच्याकडे दोनच अस्सल पिशव्या शिल्लक होत्या. एक अख्खी. दुसरीचा अर्धा तळ आणि एक कोपरा. बाकीची उंदरांनी शंभर वर्षांत सावकाश खाल्लेली.

"मोजमाप घ्यायचंय," मी म्हणालो.

"अर्ज केलाय?"

मी अर्ज केला. आठ दिवसांनी पिशवी समोर आली, पण तिचा पट्टा आला नाही. पट्टा वेगळा सापडला होता म्हणून त्याची नोंद वेगळी, म्हणून अर्ज वेगळा. पट्ट्याचा अर्ज केला. पट्टा आला तेव्हा पिशवी कपाटात गेली होती. दोन्ही एकाच टेबलावर आणायची असतील तर 'संयुक्त निरीक्षण' असा तिसरा नमुना भरावा लागतो. पितळेचं बटण तर या विभागातच नव्हतं, ते नाण्यांच्या विभागात होतं. आता मी स्वतः सरकारी खुर्चीत बसून वीस वर्षं लोकांना 'अर्ज केलाय?' विचारत आलो आहे. पण पलीकडच्या बाजूनं हा प्रश्न इतका टोचतो, याची मला कल्पना नव्हती. त्या आठवड्यात मी माझ्या कार्यालयात आलेल्या तिघांना पाणी विचारलं. ते घाबरून निघून गेले.

शिवाय टेप आत न्यायची नाही, तिच्या टोकाला पत्रा असतो. पेन नाही, फक्त पेन्सिल. पिशवी उलटी करायची असेल तर बाईच करणार, आणि तीही एकदाच. मी दोऱ्यानं मापं घेतली, दोऱ्याला गाठी मारल्या आणि घरी आलो. घरी बायकोनं टेबल आवरताना तो दोरा गुंडाळून ठेवला आणि नीट बसेना म्हणून गाठी सोडवल्या.

पुन्हा अर्ज.

आमच्या इमारतीत कोणतीही गोष्ट गुप्त राहत नाही. कापडाचा गठ्ठा घेऊन मी जिना चढलो तेव्हा वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर काका कठड्याला टेकून उभेच होते.

"पडदे का?" त्यांनी विचारलं.

"हॅवरसॅक," मी म्हणालो.

"म्हणजे पिशवी."

"शिपायाची पिशवी."

"पिशवीच ना पण?" म्हणून त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं. "फार पांढरं आहे. चहात उकळा."

समोरच्या घरातल्या वकीलसाहेबांचं मत वेगळं होतं. त्यांना गंजलेल्या खिळ्यांचं पाणी श्रेयस्कर वाटत होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, दोन्ही एकत्र करा. आणि या जगात भांडण टाळायच्या नादात जेवढी नासधूस झाली आहे तेवढी भांडणानं झाली नसेल. मी दोन्ही एकत्र केलं.

बायकोनं आपल्या धुलाई यंत्राला मला हात लावू दिला नाही. वहिनी भोळ्या. त्यांनी आपलं दिलं. रंग अप्रतिम आला, अगदी मूळ पिशवीसारखा मातकट पिवळा. फक्त तो रंग यंत्रातून बाहेर पडायला तयार नव्हता. पुढचे पंधरा दिवस वहिनींच्या घरातलं जे जे पांढरं आत गेलं ते ते खाकी होऊन बाहेर आलं. वकीलसाहेबांचं यंत्र नेमकं बिघडलेलं, त्यामुळं त्यांनीही शर्ट वहिनींकडेच टाकले होते. न्यायाधीशांनी त्यांना भर कोर्टात विचारलं म्हणे, की आपण बाजू मांडायला आलात की बंदोबस्ताला?

शिवाय मी कापड आधी कापून मग उकळलं होतं. ते अंगठाभर आटलं. आता ती शिपायाची पिशवी राहिली नव्हती, शिपायाच्या मुलाची झाली होती. पुन्हा कापड, पुन्हा जिना, पुन्हा ओव्हरसियर काका. "म्हटलं होतं ना, नुसता चहा," ते म्हणाले.

एवढं होईपर्यंत शिवायचं कुणी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. कारण उत्तर घरातच खिडकीशी खुर्ची टाकून बसलं होतं.

माझे सासरे शिंपी. बेचाळीस वर्षं त्यांनी दुकान चालवलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना सुईचं नेढं दिसेना. त्यांनी तीनदा दोरा ओवायचा प्रयत्न केला, मग सुई डबीत ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली मुलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात दिली. "दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारायची वेळ आली की शिंप्यानं उठावं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. दिवसभर खिडकीत बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचे कपडे बघतात. "त्याचा डावा खांदा उतरलाय. शिंप्याला झाकता आला असता," असं कधीतरी पुटपुटतात. जेवतात कमी. बोलतात त्याहून कमी. बायको माझ्याशी बोलताना मधेच थांबून त्यांच्या पाठीकडं बघत राहते, ते मला दिसतं आणि काय करावं ते सुचत नाही.

म्हणून मी जेव्हा कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि "बाबा, बारा पिशव्या हव्यात, हातशिलाईच्या," म्हणालो, तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी होती.

त्यांनी कापड डोळ्यांशी नेलं नाही. नुसतं अंगठ्याखाली फिरवलं. "आडव्या दोऱ्यात दम नाही," म्हणाले. "पण चालेल."

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं एक गोष्ट सुरू केली. सकाळी ते आंघोळीला गेले की ती बारा सुयांत दोरा ओवून त्यांच्या टाचणीच्या उशीवर टोचून ठेवायची. ते यायचे, एक सुई उचलायचे, कामाला लागायचे. त्याबद्दल बापलेकींत कधी अवाक्षर निघालं नाही. दुपारी ते मागून भात घ्यायला लागले.

एका संध्याकाळी बायको मला म्हणाली, "अहो, तुमच्या पिशव्या बिघडल्या तरी मला काही वाटणार नाही. पण बाबा परत त्या खुर्चीत जाऊन बसले ना, तर बघा."

"मी कशाला त्यांना बसवतोय?" मी म्हणालो. हे वाक्य मी फार आत्मविश्वासानं उच्चारलं.

पहिली पिशवी चार दिवसांत तयार झाली. काय सांगू! टाके असे की मोजून घ्यावेत, इंचाला दहा, या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा. कोपरे काटकोनात. मी ती कागदात गुंडाळून संग्रहालयात घेऊन गेलो, कारण नव्या दालनाच्या कार्यक्रमात जी नक्कल वापरायची तिला बाईंचा शिक्का लागणार होता. बाईंनी हातमोजे घातले, भिंग लावलं, पिशवी उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "नाही."

"नाही?"

"फार चांगली आहे."

"मग?"

"मूळ पिशवी अशी नाहीच. हे बघा, इथं इंचाला पाच टाके, इथं सात, इथं मधेच चार. ही शिवण बघा कशी गेलीय." त्यांनी मूळ पिशवीच्या तळाकडं बोट दाखवलं. शिवण खरोखरच वाट चुकल्यासारखी गेली होती. "नक्कल म्हणजे नक्कल. सुधारणा नको."

आता हे घरी जाऊन सांगायचं कसं? रस्त्यानं चालताना मी सहा प्रकारे वाक्य जुळवून पाहिलं आणि दारात पोचल्यावर सातव्याच प्रकारे बोललो. "बाबा, जरा वाईट शिवाल का?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "काय म्हणालात जावईबापू?"

"म्हणजे वाकडं. थोडंसं. मूळची तशीच आहे."

"बेचाळीस वर्षांत एक टाका वाकडा घातला नाही मी."

"हो ना, म्हणूनच त्यांनी नापास केली."

'नापास' हा शब्द वापरायला नको होता. ते उठले, टाचणीची उशी, बोटात घालायचं टोपण, कात्री, सगळं डबीत भरलं आणि जाऊन खिडकीशी बसले. त्या दिवशी त्यांनी भात एकदाच घेतला. बायकोनं नुसतं माझं ताट जरा जोरात ठेवलं. त्यानंतर सासरे माझ्याशी बोलायचे ते मुलीमार्फत. मी समोर बसलेला असताना ते तिला म्हणत, "त्यांना सांग, वर्तमानपत्र वाचून झालं असेल तर इकडं दे म्हणावं."

पिशव्या मात्र करायच्याच होत्या. अध्यक्ष कार्यालयात फोन करून 'किती झाल्या?' असं विचारत होते, आणि मी 'काम प्रगतिपथावर आहे' हे माझं ठेवणीतलं वाक्य वापरत होतो. शेवटी एका रविवारी मी स्वतः सुई हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. मी किती ठिकाणी टोचून घेतलं ते सांगत नाही, कारण त्यातल्या एका ठिकाणाचं स्पष्टीकरण देता येणार नाही. मी पिशवी शिवताना माझ्या विजारीलाही शिवली. उठलो तेव्हा दोन्ही बरोबर उठल्या.

ती पिशवी मी लाजत लाजत बाईंसमोर ठेवली. बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे चमकले.

"पाच, सात, चार, आठ... आणि हा टाका आहे की अपघात?"

"टाका," मी म्हणालो. "बहुधा."

"हुबेहूब!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. मी आनंदानं प्रमाणपत्र वाचलं. शिलाईच्या दर्जाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अत्यंत अकुशल हाताचे काम.' खाली गोल शिक्का, तारीख. मी ते प्रमाणपत्र मंडळात दाखवलं नाही. ओव्हरसियर काकांनी मात्र जिन्यातच वाचलं. "सरकारी शिक्क्यासह," ते म्हणाले. "असं सगळ्यांना मिळत नाही."

दुसरीही पास झाली. तिसरीला बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पास केली. चौथी मात्र त्यांनी परत सरकवली.

"तुमचा हात बसलाय," त्या म्हणाल्या. आवाजात खरं दुःख होतं. "टाके सरळ यायला लागलेत. आता तुम्ही निरुपयोगी."

माझ्या आयुष्यात मी काही शिकलो आणि लगेच निरुपयोगी ठरलो असा हा एकमेव प्रसंग. तीन झाल्या होत्या, नऊ बाकी होत्या आणि सहा आठवडे उरले होते.

बायकोनं मग स्वतःच ठरवलं. "बाबांना तिकडं घेऊन जा. ती पिशवी त्यांना बघू दे. तुम्ही वाईट आहे म्हणून सांगताय, त्यांनी कुठं पाहिलीय?" हे मला का सुचलं नाही, असा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. उत्तर माहीत असलेले प्रश्न मी टाळतो.

सासरे आले, पण बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसले. संग्रहालयात अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'शिंपी' लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "निवृत्त लिहा आजोबा." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. कारकुनानं अर्ज घेतला.

आत बाईंनी पिशवी टेबलावर मांडली. "भिंग द्या," सासरे म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे बाईंनी गळ्यातलं काढून दिलं. ते वाकले. तळाच्या कोपऱ्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि शिवणीवरून इतक्या हळू गेले की मला वाटलं त्यांना डुलकी लागली.

"इथून सुरू केलंय," ते म्हणाले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्याशी, थेट. "बघा जावईबापू. हा पहिला टाका. दोरा फार ओढलाय, कापड गोळा झालंय. दुसऱ्याला सैल सोडला, भीतीनं. हा डाग बघा."

"गंज आहे तो," बाई म्हणाल्या. "नोंद आहे तशी."

"रक्त आहे. बोटात सुई गेलीय. शिंप्याला विचारा, गंज काय सांगताय." बाईंनी वही पुढं ओढली. "आता इकडं या. ही बाजू. टाके जवळ यायला लागले. आणि इथं बघा, इथं उसवलंय. भोकं दिसतायत का जुनी? वीत-दीड वीत उसवून परत शिवलंय. स्वतःहून कुणी उसवत नाही हो. शेजारी कुणीतरी बसलं होतं. त्यानं उसवायला लावलं." भिंग वर वर सरकत होतं. "आणि हे तोंड. इथं आल्यावर... इंचाला नऊ. एकसारखे."

ते सरळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"हे वाईट काम नाही," ते म्हणाले. "ही कुणाची तरी पहिली पिशवी आहे. माणसं लढायला निघाली असतील, वेळ नसेल, गावातल्या ज्याला त्याला सुई दिली असेल. आणि एखादा शिंपी मधे बसला असेल सगळ्यांच्या. एकाच पिशवीत शिकवलं त्यानं." मग ते माझ्याकडं वळले. "तुम्ही मला वाकडं शिवायला का सांगत होता? न शिवता येणारी माणसं आणा की मला!"

बाईंनी वहीत 'गंज' खोडून काहीतरी लिहिलं.

त्यानंतरचे पाच आठवडे आमच्या घरात जे चाललं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. नियम सासऱ्यांनी घातला: एका माणसानं एकच पिशवी शिवायची. दुसरी चांगली येते. आणि आधी सुई धरलेली चालणार नाही. वहिनींनी लगेच हात वर केला, पण त्यांनी लहानपणी एकदा रुमालावर फूल काढलं होतं, असं चौकशीत निघालं. त्या बाद. त्यांना फार लागलं. "एकच पाकळी काढली होती हो!" म्हणून त्यांनी दोन दिवस दाद मागितली. शेवटी सासऱ्यांनी तो रुमाल मागवून पाहिला आणि त्यांना घेतलं.

वकीलसाहेब पहिल्याच दिवशी टाका मागं घालायचा की पुढं यावर युक्तिवाद करायला लागले. "उसवा," सासरे म्हणाले. ओव्हरसियर काका, ज्यांना चाळीस वर्षं जगातल्या प्रत्येक गोष्टीची योग्य पद्धत माहीत होती, त्यांनी पिशवीचं तोंडच शिवून टाकलं. चारही बाजू बंद. "आता वस्तू आत कशी जाणार?" सासऱ्यांनी विचारलं. काकांनी पिशवी चारही बाजूंनी फिरवून पाहिली. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडं सल्ला नव्हता. "उसवा," सासरे म्हणाले.

अध्यक्ष पाहणीला म्हणून आले आणि अर्ध्या तासात सुई घेऊन जमिनीवर बसले होते. "उसवा," हा शब्द त्यांनाही ऐकावा लागला. ते म्हणाले, "मी मुख्याध्यापक होतो." सासरे म्हणाले, "मग लवकर उसवाल." दूधवाला, इस्त्रीवाला, माझे कार्यालयातले साहेब, एकेक करत सगळे येऊन गेले. साहेब तर रजा काढून आले. वर्षानुवर्षं मला 'हे पुन्हा करून आणा' म्हणणाऱ्या माणसाला कुणीतरी 'उसवा' म्हणताना मी दाराआडून चार वेळा ऐकलं. बायको चहा करून करून दमली होती आणि गाणं गुणगुणत होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर कापडाचे तुकडे साठले होते, तिथं बसायला जागाच नव्हती.

शेवटची, बारावी पिशवी उरली तेव्हा इमारतीत शिवता न येणारं कुणी राहिलं नव्हतं. शिक्के मारायला आलेल्या बाई म्हणाल्या, "आता?" सासऱ्यांनी त्यांच्या हातमोज्यांकडं पाहिलं. "काढा ते," ते म्हणाले. बाईंनी काढले. त्यांची पिशवी पुरी व्हायला दोन दिवस लागले, सहा वेळा उसवावी लागली आणि मग त्यांनी स्वतःच भिंग लावून तपासून स्वतःच्याच पिशवीच्या रकान्यात लिहिलं, 'अत्यंत अकुशल हाताचे काम.' प्रामाणिक बाई.

कार्यक्रमाच्या दिवशी संग्रहालयाच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. प्रमुख पाहुण्या आल्या होत्या. पहिल्या रांगेत बायको आणि सासरे बसले होते. पिशव्या शिवणाऱ्या पुरुषांना अध्यक्षांनी मंडळाचं सभासद करून घेतलं होतं. आम्ही बाराजण नाटक कंपनीच्या विजारी सावरत फाटकापाशी उभे राहिलो. पुढं अध्यक्ष, मग वकीलसाहेब, त्यांच्यामागं ओव्हरसियर काका, मग मी आणि बाकीचे. तिथं अध्यक्षांनी एक गोष्ट केली. त्यांनी प्रत्येकाच्या पिशवीत वाळूनं भरलेला पत्र्याचा डबा आणि भरलेली पाण्याची बाटली घातली. "रिकामी पिशवी घेऊन कुणी युद्धाला जातं का?" ते म्हणाले. "इतिहासाला वजन असतं."

कापड, रंग, बटण, टाके, सगळं आम्ही तपासलं होतं. चार महिन्यांत त्या पिशवीत काही भरून पाहावं, हे बारापैकी एकालाही सुचलं नव्हतं. पिशवी भरायची असते हे आम्ही साफ विसरलो होतो.

वीस पावलांवर ओव्हरसियर काकांचा पट्टा सुटला. डबा वकीलसाहेबांच्या पायावर पडला आणि त्यांनी कायद्याच्या पुस्तकात नसलेला शब्द वापरला. तीस पावलांवर माझा तळ उसवला, डबा उलटा लोंबकळला, त्याचं झाकण उडालं आणि मी माझ्यामागं वाळूची एक रेघ काढत चालत राहिलो, कारण पलटण थांबत नसते. मग माझ्या साहेबांचा कोपरा गेला. अध्यक्षांची पिशवी तर एकाच वेळी तिन्ही बाजूंनी सुटली, अतिशय शिस्तीत. पलटण थांबली. लोकांना वाटलं हे लढाईचं दृश्य आहे. टाळ्या पडल्या.

मी मान खाली घातली. मला फक्त एकच दिसत होतं: आता सासरे उठणार, घरी जाणार आणि खुर्चीवरचे तुकडे काढून टाकणार. त्यांनी शिकवलेल्या पिशव्या एकामागून एक गावासमोर फुटल्या होत्या.

ते उठले. पण फाटकाकडं न जाता तडक आमच्याकडं आले. कॉलरच्या आतून त्यांनी सुई काढली, तिच्यात दोरा होताच. दालनाच्या पायरीवर बसले आणि काकांकडं हात पुढं केला. "आणा."

त्यांनी पट्टा जोडायला घेतला. टाके पडत होते आणि ते कसे पडत होते ते पाहायला लोक खुर्च्या सोडून पुढं आले. एकसारखे, जवळजवळ, इंचाला दहा. बाई धावत आल्या. "अहो बाबा, वाकडे! वाकडे घाला! शिक्के झालेत सगळ्यांचे!"

"बाई," सासरे वर न बघता म्हणाले, "कपाटात ठेवायची ती ठेवा वाकडी. ही माणसं चालायला निघालीत. आता पिशवी टिकली पाहिजे."

बाईंनी एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा प्रमुख पाहुण्यांकडं, आणि मग पदर खोचून त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. "पुढची मी धरते," म्हणाल्या.

काकांची पिशवी झाली. सासऱ्यांनी दोरा दातानं तोडला आणि वकीलसाहेबांची उसवलेली पिशवी मांडीवर घेतली. सुई रिकामी होती. दोऱ्याचं रीळ बायकोच्या पर्समध्ये होतं. ती कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं जागेवरून उठून कडेकडेनं यायला लागली, आणि मला तिचं काळीज कळत होतं, कारण समोर दोनशे माणसं उभी होती.

सासऱ्यांनी तिला हातानं थांबवलं. मग त्यांनी सुई वर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोरा ओवून द्या रे कुणीतरी. मला नेढं दिसत नाही."

मग बाराच्या बारा शिपाई पुढं सरसावले. काका, वकीलसाहेब, अध्यक्ष, साहेब, सगळे "मी देतो, मी देतो" करायला लागले. बायकोनं रीळ माझ्या हातात कोंबलं आणि तोंडावर पदर घेऊन एकदम हसायला आणि रडायला लागली. मी दोरा तोडला, जिभेनं टोक ओलं केलं.

"एवढा लांब नका घेऊ, जावईबापू," सासरे म्हणाले. "गुंता होतो. कोपरापर्यंत घ्यावा."

मी कोपरापर्यंत दोरा घेतला आणि तिसऱ्या प्रयत्नात ओवला.